पेशीला नेमकं काय दिसतं?

"मॅडम, मग पेशीला आपला कण दिसतच नाही का?"

लॅबमधल्या नव्या विद्यार्थिनीने आज सहज विचारलं, आणि दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

तिच्या हातातल्या कुपीत सोन्याचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण होते; द्रावण लालभडक. मीठ घातलं की ते एकमेकांना चिकटतात, रंग निळसर होतो. पॉलिमरचं नीट आवरण दिलं की लालच राहतात. ते आवरण जमवण्यात किती काळ जातो! पण रक्तात शिरताच काही क्षणांत त्यावर प्रथिनांचा थर चढू लागतो. जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीच्या पेशीपटलाची पहिली गाठ पडते ती बहुतेकदा या थराशी.

प्रथिनं चिकटूच नयेत म्हणून आमची सगळी धडपड. त्याऐवजी हवी तीच चिकटतील असा पृष्ठभाग घडवला तर?