जहाजाने गोवा, विमानाने जळगाव: कार्डाचे पॉइंट नेमके कुठे कामी आले

फेब्रुवारीत मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई असे चौघं मुंबईहून क्रूझने गोव्याला गेलो आणि तिथून विमानाने थेट जळगावला परतलो. निघण्याआधीच नातेवाइकांत बातमी फिरली की हे क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर फुकट चाललेत. आल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारतंय, म्हणून सगळा हिशेब मांडतो.

दोन रात्रींच्या क्रूझचे चौघांचे करांसकट ५८,४०० रुपये झाले. ते मी रोख साठवलेल्या पैशांतून भरले, त्यात पॉइंटचा एक पैसा नाही. गोव्यातलं हॉटेल आणि परतीचं विमान मिळून ३१,२०० झाले, त्यातले २१,८४० पॉइंटांनी दिले. म्हणजे या तीन मोठ्या खर्चांचा जेमतेम पाव भाग सुटला. तेवढाच सुटतो, पण तो नीट सोडवला तर.

माझ्या कार्डाच्या एकाच पॉइंटला तीन भाव आहेत. कार्डाच्या बिलात वळता केला तर २० पैसे, वस्तूंच्या कॅटलॉगमधून काही मागवलं तर ३५ पैसे आणि बँकेच्या प्रवास पोर्टलवर विमान किंवा हॉटेल घेतलं तर ५० पैसे. हे मला उशिरा कळलं. पहिल्या वर्षी ६,००० पॉइंट बिलात वळते करून १,२०० रुपये घेतले. थांबलो असतो तर त्यांचेच ३,००० झाले असते. अजून रुखरुख लागते.

पोर्टलवर क्रूझ नव्हतीच. मग मी सहलच उलट्या बाजूने आखली. पॉइंट जिथे ५० पैशांनी चालतात तो भाग मोठा करायचा, क्रूझ एकाच बाजूची घ्यायची. जळगावहून गोव्याला २०२४ पासून फ्लाय९१ या विमान कंपनीचं थेट विमान सुरू झालं, त्यामुळे हे जमलं. आधी विमानाचे वार बघा आणि मगच जहाजाची तारीख पक्की करा. माझ्या कार्डावर बुकिंगच्या रकमेच्या ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट चालतात, उरलेले पैसे भरावे लागतात. असल्या अटी बदलत राहतात, बुकिंगच्या दिवशी पुन्हा वाचा.

पॉइंट जमायला दोन वर्षांहून जास्त लागली. दर १५० रुपयांना ४ पॉइंट. शाळेची फी, विम्याचे हप्ते, आईची औषधं, दाणाबाजारातला वर्षाचा किराणा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण माझं कार्ड रुपे नाही, त्यामुळे छोटी दुकानं सुटली. तुमचं असेल तर क्यूआर लावलेल्या दुकानदारालाही कार्डातून पैसे देता येतात.

सोन्याचं मात्र जपून. बहिणीच्या लग्नाला ३ लाखांचं सोनं घेतलं. सराफ म्हणाले, "कार्डावर दोन टक्के जास्त लागतील." मी तिथेच मोबाइलवर गुणाकार केला. दोन टक्के म्हणजे ६,००० रुपये. पॉइंट मिळणार ८,०००, त्यांची किंमत फार तर ४,०००. चेक फाडला आणि घरी आलो.

रावेरला आमचे मावसभाऊ आहेत, केळीवाले. ते म्हणाले, "आम्हीही रोपं, ठिबक कार्डावर घेतो, केळीचे पैसे आले की भरतो." दादांना मी हात जोडून सांगितलं, तसं करू नका. बिल थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे लाखाला साडेतीन हजार. वर नवीन खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. माल कधी कापला जाईल, व्यापारी पैसे कधी देईल, याची वाट कार्ड बघत नाही. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरता येतं त्यानेच या भानगडीत पडावं.

जळगावहून रात्रीच्या अमरावती-मुंबई एक्सप्रेसने निघालो, डब्यात भरीत-पुरी. सकाळी सीएसएमटीला उतरून सामान क्लोकरूममध्ये ठेवलं. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. जहाज सुटतं ते बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने पाच-दहा मिनिटांवर. वेब चेक-इन घरूनच करून ठेवा, लहान मुलांचंही ओळखपत्र लागतं. खाण्याचे डबे जहाजावर नेता येत नाहीत, उरलेलं भरीत बंदराबाहेरच संपवलं.

आमचं जहाज म्हणजे कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची एम्प्रेस. हे ११ मजल्यांचं जहाज १९९० सालचं आहे, पूर्वी ते रॉयल कॅरिबियनकडे होतं. जेवण भाड्यातच असतं, शाकाहारी आणि जैनही. दारू, इंटरनेट आणि सेवाशुल्क वेगळं, तेवढे पैसे बाजूला ठेवा. निघण्याआधी लाइफ जॅकेटची कवायत असते, ती चुकवू नका.

आम्ही सर्वांत स्वस्त, बिनखिडकीची खोली घेतली. खाली दोन पलंग, वर भिंतीतून उघडणारे दोन. खालचा पलंग आईला. दिवा मालवला की आत मिट्ट काळोख, सकाळ झाली हे घड्याळातच कळतं. पाचला उठायची सवय असलेली आई दार उघडून एकटीच वर गेली. मी शोधत गेलो तर ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. अमळनेरकडची आमची आई, तिने आयुष्यात पाणी पाहिलं ते तापीचं. मला पाहून म्हणाली, "तापीनं पानी आठेच येस ना?" सुरतेपाशी येतं, आपण त्याच्या बरंच खाली आलोय, असं मी सांगितलं. ती बराच वेळ उत्तरेकडे बघत राहिली.

बालकनीच्या खोलीचे जास्तीचे पैसे वाचवल्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण दिवसभर आम्ही डेकवरच होतो. पण गुडघ्यांचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर लिफ्टजवळची खोली मागून घ्या. मुंबईहून फेऱ्यांचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे.

हॉटेल घेताना नकाशा बघा. जहाज मुरगाव बंदराला, वास्कोजवळ लागतं आणि जळगावचं विमान उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावरून सुटतं. आम्ही दोन्हींच्या मध्ये म्हणून पणजीला राहिलो, तरी मोपाची टॅक्सी महागात पडली. ती आधीच ठरवून ठेवा. विमान छोटं आहे, सामानाचं वजन घरीच करा. काजू घेतल्यावर आमची एक बॅग पुन्हा उघडावी लागली.

खात्यात आता ३,५२० पॉइंट उरलेत. त्यांची मुदत संपण्याची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.