मु. पो. बोरी नदी

कूलरचा पंप बसून चार दिवस झाले होते. ज्याने अमळनेरात मे महिना काढलाय, त्याला यापुढे काही सांगायला नको. गवतावर पाणी पडत नसेल तर कूलर म्हणजे लोहाराचा भाता. चौकातला इलेक्ट्रिकवाला चार दिवस त्याच आत्मविश्वासाने "उद्या माल येतोय नाना" म्हणत होता. शेवटी मुलीने पुण्याहून फोनवर एकेक बटण सांगत माझ्याकडून ऑनलाइन पंप मागवून घेतला. "लोकेशन ऑन करा, हं, आता कन्फर्म दाबा." दाबलं.

पाचव्या दिवशी दुपारी अडीचला फोन आला.

"काका, पार्सल आहे. मी तुमच्या लोकेशनवर उभा आहे, पण घर दिसत नाही."

"आजूबाजूला काय दिसतंय?"

"पाळणे."

"कसले पाळणे?"

"यात्रेतले. एक आकाशपाळणा आहे, आणि खाली सगळी वाळू."

पोरगं बोरी नदीच्या पात्रात उभं होतं. सखाराम महाराजांची यात्रा तिथेच भरते, वैशाखात. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि तेवढे दिवस नदीत पाण्याऐवजी माणसं वाहतात. म्हणून बरं, गाडी आत गेली तरी. हेच श्रावणात मागवलं असतं तर पोरगं पंपासकट तापीला लागलं असतं.

"काका, करेक्ट लोकेशन टाका ना."

आता इथे माझी एक खोड सांगायला हवी. मी लोकेशन टाकत नाही. मी पत्ता सांगतो. पत्ता ही तोंडाने सांगायची गोष्ट आहे, त्यात हातवारे असतात, "डावीकडे वळू नको बरं का" असतं, समोरच्याने मध्येच "हां हां, कळलं" म्हणायचं असतं. निळा ठिपका पाठवण्यात कसला आलाय मान? घरचे म्हणतात हे म्हातारपण आहे. असेल.

"ऐक. नदीतून वर ये. जुन्या टॉकीजवरून सरळ..."

"टॉकीज कुठे आहे?"

"आता नाही. तिथे आता कपड्यांचं मोठं दुकान आहे. तिथून जकात नाक्यापर्यंत..."

"जकात नाका?"

"म्हणजे होता तिथे. मग निंबाच्या झाडापाशी उजवीकडे."

"झाड आहे ना काका?"

झाडही नव्हतं. रस्ता रुंद झाला तेव्हाच गेलं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी त्या पोराला पाडलेल्या, तोडलेल्या आणि बंद पडलेल्या गोष्टींवरून घरापर्यंत आणू पाहतोय. शेवटची खूण तर "मास्तरांच्या घरासमोर" अशी होती. मास्तर जाऊन वीस वर्षं झाली, त्यांचं घर मुलांनी विकलं, घेणाऱ्याने पाडलं. पण गल्लीत अजून कुणीही "मास्तरांच्या घरासमोर"च म्हणतं, आणि येणारा बरोबर येतो. म्हणजे गल्लीतला असेल तर.

"थांबा, मी विचारत येतो," म्हणून त्याने फोन ठेवला. मी दारात खुर्ची टाकून बसलो. घरात तरी काय होतं?

दारात बसल्यावर आठवला तो आजोबांचा ओटा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावाला जायचो, आणि दुपारी, सगळे झोपले की, आजोबा पत्रं लिहायला बसायचे. म्हणजे सांगायचे ते, लिहायचो मी. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून ही शिक्षा. पोस्टकार्ड मांडीवर, मांडीखाली पंचांग. आधी डावीकडचा मजकूर, "येथील सर्व क्षेम" वगैरे, आणि मग उजवीकडचा पत्ता, ज्याला आजोबा मजकुरापेक्षा जास्त वेळ घ्यायचे. प्रत्येक ओळ एका विशिष्ट जागी सुरू झाली पाहिजे. पहिल्या ओळीत नाव, दुसरी जरा आत सरकवून मु. पो., तिसरी आणखी आत, तालुका. चौथ्या ओळीत ते सांगायचे, "जि. पू. खा."

"आबा, आता जळगाव जिल्हा आहे."

"तू लिख."

पूर्व खानदेश हा जिल्हा महाराष्ट्र झाला तेव्हाच कागदोपत्री संपला होता. मी म्हणतोय ती सुट्टी त्यानंतरची, चांगली पंधरा-सोळा वर्षांनंतरची. मला शाळेत जळगाव जिल्ह्याचा नकाशा काढून त्यात केळी आणि कापूस दाखवायला शिकवलेलं. पण आबांचं एकच, "पोस्टमनले समजस." आणि समजायचंही. पत्रं पोचायची. उत्तरं यायची. त्यांच्या वयाच्या लोकांची उत्तरं तर "पू. खा." लिहूनच यायची, धुळ्याकडची "प. खा." लिहून. आम्ही पोरं त्यावर फार हसायचो. एक खानदेश पूर्वेला खातो, एक पश्चिमेला खातो. इंग्रजांनी १९०६ साली एका खानदेशचे दोन केले तेव्हा आबा जन्मलेही नव्हते, तरी त्यांना तो जिल्हा घरचाच वाटायचा. त्यांच्या वडिलांना बहुधा तोही नवाच वाटत असणार.

पत्त्याखाली सहा चौकोन छापलेले असायचे. ते मी एकदा भरायला गेलो. आबांनी हात धरला.

"हाई काय शे?"

"पिनकोड. आता लिहावा लागतो."

"आकडा कसाले? मानूस शे का कैदी?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. चौकोन तसेच रिकामे गेले.

पुढे कधीतरी वाचलं की हा पिनकोड काढणारा माणूस मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. सारख्या नावाची गावं, वाचता न येणारी अक्षरं आणि पंधरा भाषा, यातून पत्र कसं सुटणार, म्हणून त्यांनी १५ ऑगस्ट १९७२ पासून देशाला सहा आकडे दिले. मला फार आवडली ही गोष्ट. वृत्तांच्या मात्रा मोजणारा माणूस, त्याने देशाचीही मात्रांत विभागणी केली. आपलं अमळनेर ४२५४०१. चाल लावून म्हणून बघा, बसतं. आबांना हे सांगायचं राहून गेलं. कवीने काढलाय म्हटल्यावर कदाचित लिहू दिला असता त्यांनी. तसे ते ऐकणारे नव्हते.

नावाचं म्हणाल तर खानदेशाला त्याची सवय आहे. फारुकी सुलतानांच्या "खान" किताबावरून नाव पडलं म्हणतात, कुणी कान्हादेश म्हणतं, कुणी "खानदेश" की "खान्देश" यावरून लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढेपर्यंत भांडतं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि मुलाला, दानियालला, हा मुलूख देऊन त्याचं नाव ठेवलं दानदेश. एवढा मोठा बादशहा! फर्मान निघालं असेल, दफ्तरात लिहिलं गेलं असेल. चाललं नाही. दानियाल बुऱ्हाणपुरातच दारूपायी गेला आणि दानदेश त्याच्यामागे. मला दिसतो तो एखादा गावचा कुलकर्णी, नव्या कागदावरही जुनंच नाव लिहिणारा, वर "समजस" म्हणणारा.

पण प्रत्येक वेळी तसंच होतं असंही नाही. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते लोकांच्या तोंडी छान बसलं, मुक्ताबाईची जागाच आहे ती. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, तो तर झालाच पाहिजे होता, धडगावच्या माणसाने सातबाऱ्यासाठी धुळ्यापर्यंत का जावं? आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर झालं. यष्टीच्या पाट्या बदलल्या, कंडक्टर अजून दोन्ही नावं घेतो, म्हणजे म्हातारी मागे राहायला नको. नाव बदलावं की नाही यावर मला काही म्हणायचं नाही, त्यावर म्हणणारे पुष्कळ आहेत. मला फक्त तो कंडक्टर आवडतो.

आणि अमळनेरची गंमत अशी की १९४५ साली इथे तेलाचा कारखाना निघाला, त्याची पुढे विप्रो झाली, त्या विप्रोच्या संगणकांवर म्हणे अर्धं जग चाललं. त्या गावात माझं घर नदीत.

हे मी बायकोला म्हटलं. ती धुळ्याची. धुळ्याच्या माणसाला पत्ता या विषयावर बोलू देऊ नये. तिथे गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, सरळ रेघेत, आखल्यासारख्या. आखलेल्याच आहेत त्या. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या इंग्रजाने नव्या धुळ्याची आखणी केली. "आमच्याकडे 'गल्ली नंबर चार' म्हटलं की बास," ती आतूनच म्हणाली. "टॉकीज नको, झाड नको, मेलेले मास्तर नकोत. तुम्हाला ब्रिग्ज मिळाला नाही, त्याला कोण काय करणार?"

लग्नाला चौतीस वर्षं झाली. ब्रिग्ज आमच्या घरात निदान महिन्यातून एकदा येतो.

टपाल खात्याने आता डिजिपिन म्हणून काढलाय, गेल्याच वर्षी बहुधा मुलीने दाखवला. २०२५ मध्ये आला. दहा अक्षर-आकड्यांचा, आणि एक डिजिपिन म्हणजे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन. सगळा देश असा चार-चार मीटरमध्ये कापून काढलाय. आमच्या घराचा हिशेब मी करून पाहिला. ओट्याचा एक, मधल्या घराचा एक, स्वयंपाकघर आणि मोरी मिळून एक, तुळस शेजारच्यांच्या चौकोनात जाते. वेलणकरांचे सहा आकडे पाठ व्हायचे. हा पाठ होणार नाही, पण पाठ करायचा तरी कशाला, मोबाईल आहे ना. मोबाईल मला नदीत ठेवतो, ते सोडा.

सव्वातीनला गल्लीच्या तोंडाशी गाडी वाजली. घामाने निथळत, तोंडाला उपरणं गुंडाळलेला, पाठीवर घराएवढी काळी पिशवी. वीस-बाविशीचा असेल.

"मास्तरांचं घर विचारलं," तो म्हणाला. "एका आजीने हात धरून आणून सोडलं कोपऱ्यापर्यंत."

मला केवढा आनंद झाला! जिंकल्यासारखा. मी आत वळून ओरडलो, "ऐकलंस का?" आतून काही आलं नाही.

त्याला माठातलं पाणी दिलं. दोन तांबे प्यायला, तिसऱ्यातलं डोक्यावर ओतू का विचारलं, आणि ओट्याच्या कडेला वाकून ओतलं. मग ओटीपी. ओटीपी येईना. आमच्या गल्लीत दुपारी रेंज झोपलेली असते. आम्ही दोघं ओट्यावर बसून मोबाईलकडे बघत राहिलो, एसटीची वाट बघावी तसे.

काहीतरी बोलायचं म्हणून मी हसत म्हटलं, "बघ, तुमच्या मॅपच्या हिशेबाने मी नदीत राहतो."

तोही हसला. "आमचं पण तसंच आहे काका."

"कुठला तू?"

"तळोद्याजवळ वसाहतीत राहतो. इथे कॉलेजला आहे. मूळ गाव वर, धडगावकडे. नर्मदेच्या काठावर." त्याने गावाचं नाव सांगितलं. मी ऐकलेलं नव्हतं. "आता नाही ते. सरदार सरोवरात गेलं, माझ्या जन्माच्या आधी."

महाराष्ट्रातली ३३ गावं त्या धरणात गेली, हा आकडा मला तोंडपाठ होता. वर्तमानपत्र रोज वाचतो, आकडे राहतात लक्षात. गावाचं नाव एक येत नव्हतं.

"मॅपवर बघितलंय मी," तो म्हणाला. "कितीही झूम केलं तरी निळंच येतं. बाबांना कोणी गाव विचारलं की अजून तेच सांगतात. वसाहतीचं नावच घेत नाहीत."

मी आणखी पाणी हवंय का विचारलं. दुसरं काही सुचलं नाही. तो नको म्हणाला.

मग त्यानेच हात पुढे केला. "द्या मोबाईल इकडे. तुमचं लोकेशन नीट करून देतो, पुढच्या वेळी दुसरा कोणी आला तर फिरेल बिचारा." मी दिला. मी लोकेशन टाकत नाही वगैरे त्याला सांगत बसलो नाही. त्याने नकाशा दोन बोटांनी मोठा केला, ती लाल खूण दाबून धरली, नदीतून उचलली, पुलाच्या बाजूने वर आणली, कपड्यांच्या दुकानावरून, जिथे निंब होता तिथून उजवीकडे, आणि आमच्या ओट्यावर आणून सोडली. अंगठ्याने एकदा दाबून बघितली, नीट बसलीय ना ती.

"झालं," तो म्हणाला. "काढलं बघा तुम्हाला पाण्यातून."

ओटीपी तो गेल्यावर दहा मिनिटांनी आला.