फणसाडच्या दालनात आधी पाणी

फणसाड अभयारण्यावरचं आमचं दालन खुलं व्हायच्या आदल्या दिवशी आसपासच्या वाड्यांमधल्या लोकांना बघायला बोलावलं होतं. मुरुड आणि रोहा तालुक्यांतलं हे ५० चौरस किलोमीटरहून मोठं रान. त्याचा इतिहास सगळे नवाबापासून सांगतात, तशीच आमचीही मांडणी होती. जंजिरा संस्थानचं शिकारीसाठी राखलेलं जंगल, १९४८ साली संस्थानाचं विलीनीकरण, १९८६ साली अभयारण्य आणि शेवटी जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात आडवी झालेली झाडं.

पोरं गारंबीच्या वेलाच्या शेंगेपाशीच घोटाळत होती. हाताहून लांब, लाकडासारखी टणक शेंग. हलवली की आतल्या चपट्या बिया खुळखुळतात. एक आजोबा मात्र शेंग, शिकारीचे फोटो सगळं सोडून थेट नकाशापाशी गेले. रानातली गाणी, म्हणजे पाणवठे, आम्ही निळ्या ठिपक्यांनी दाखवली होती. सगळे ठिपके सारखेच. आजोबांनी एकेका ठिपक्यावर बोट टेकवलं.

"ह्यो शिमग्याला आटतो. ह्यात नुसता चिखल. आन् ह्याला मिरगापर्यंत पानी."

"आजोबा, तुम्हाला एवढं कसं ठाऊक?"

"बापूस नवाबाच्या हाक्याला जायचा ना. जनावर कुठं हाय ते पान्यावरनं कळतं. बंदुका मागनं यायच्या."

हाका म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हाकलणं. मी तिथंच थांबले. आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात पडतो, पण जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे सपाट माथ्यावर, पाणी ठरत नाही. चैत्र लागला की सांबर असो, बिबट्या असो, सगळ्यांची धाव उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांकडे. नवाबाचे शिकारी पाण्याजवळ दबा धरायचे ते त्यामुळेच. आणि आज बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याची माणसं मचाणावर बसून प्राणी मोजतात, तीही पाणवठ्यावरच. बंदूक जाऊन वही आली, पण बसायची जागा तीच. माझ्या मते फणसाडचा इतिहास इथून सुरू होतो. संस्थान आणि सरकार दोन्ही मागाहून आले.

सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की सनावळी मोडली तर शाळेची मुलं गोंधळतील. मला ते पटलं नाही. तहान कुठल्याही मुलाला कळते. थोडी वादावादी झाली, पण रात्री आम्ही दोघांनी मिळून फलक हलवले. आता दारातून आत आलं की समोर पाणवठ्यांचा नकाशा. लवकर आटणारे ठिपके पिवळे, बारमाही निळे. त्यानंतर हाकेकरी, मग नवाब. हाक्याच्या फोटोत मागच्या रांगेत अनवाणी उभी असलेली माणसं कोण, हे सांगणारी ओळ पहिल्यांदाच लिहिली गेली.

काही ठिपक्यांचा रंग अजून ठरायचा आहे. वैशाखात रानात यायला आजोबा तयार आहेत. गाडी सुपेगावपर्यंत जाईल. पुढचं चालणं त्यांना उन्हात झेपावं म्हणून आम्ही पहाटेच निघणार आहोत.