काळी पाचचा मध्यम सापडला एकदाचा

मागच्या वेळी लिहिलेलं की महिनाभरात पेटीवर (हार्मोनियमवर) बाराच्या बारा पट्ट्या, म्हणजे सा धरायच्या बाराही जागा, बसवतो, ते राहूदे, तीन आठवडे एकाच पट्टीत अडकलोय, काळी पाच, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळीवर सा. वडगावातल्या आमच्या महिला भजनी मंडळात ज्या काकू मुख्य गातात त्यांचा सा तिथं, तबलाही त्यातच लावलेला, म्हणजे 'काकू, पांढरी एकात घेऊया की' म्हणायची सोय नाही. एकादशीला साधा शुद्ध स्वरांचा अभंग होता आणि म आला की दरवेळी यमन रागासारखं (त्यात म तीव्र, म्हणजे चढा असतो) काहीतरी व्हायचं. काकू मधेच थांबून म्हणाल्या, "बाळ, म चढतोय बघ."

मला वाटलं रीड (पेटीच्या आतली सूर देणारी पात) बिघडला. पेटी दुकानात नेली तर दुकानदार म्हणाला दोन रीड बदला, नशीब आधी ट्यूनर ॲप लावून बघितलं, रीड एकदम सुरात! मग बोटं बघत बसलो. पांढरी एकमध्ये ग म्हणजे पांढरी तीन आणि म लगेच पुढची पांढरी, मधे काळी नाही. हीच सवय. काळी पाचमध्ये ग येतो पांढरी दोनवर, मी त्याच सवयीनं पुढची पांढरी दाबत होतो, आणि तिथं तर तीव्र म! शुद्ध म मधल्या काळी दोनवर. स्वरांमधली अंतरं पूर्ण पूर्ण अर्धा, पूर्ण पूर्ण पूर्ण अर्धा हे पाठ होतं हो, पण अर्धा म्हणजे 'शेजारची पट्टी, काळी असो की पांढरी' हे बोटांना कळलंच नव्हतं. परवा काकूंच्या घरी तोच अभंग धरला, म काळी दोनवर टेकला आणि त्या न थांबता पुढच्या ओळीवर गेल्या. काय बरं वाटलं सांगू!

कीबोर्डवाल्यांनो, शिकताना ट्रान्सपोजचं बटण (बोटं तीच ठेवून सूर वरखाली करणारं) वापरू नका, हे कधीच कळणार नाही. स्केल चेंजरचाही (पट्ट्या सरकवून सा बदलणाऱ्या पेटीचा) विचार सोडला, नामांकित पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरेंच्या गावात, बेळगावात, पेटी शिकतोय तर पट्टी बोटांनीच बदलता यायला पाहिजे.

आता पुढं काळी एक घेणार होतो, पण हे लिहितालिहिता पेटी ओढली आणि नुसत्या पाच काळ्या वाजवून बघितल्या. काळी तीनला सा धरला तर भूप रागाचे स्वर, त्याच पाच पट्ट्या काळी एकवरनं दुर्गाचे, आणि काळी पाचवरनं चक्क मालकंसाचे! एकही पट्टी बदलली नाही, फक्त सा हलला. मूर्च्छना म्हणजे हेच, पुस्तकात चारदा वाचलेलं पण कानाला आज लागलं. तेव्हा बेत बदलला, बारा पट्ट्या नंतर, हा आठवडा फक्त काळ्या पट्ट्या, तंबोरा ॲपवर सा बदलत. काळी दोनवरनं धानी रागासारखं वाटतंय, काळी चारवरनं कोमल नी लागतोय आणि ग, ध दोन्ही गायब, मेघ रागाकडं जातंय का बघतो, कुणी करून बघितलं असेल तर सांगा की.