तीन यंत्रं, एक गळ

मृग लागायच्या आत यंत्रं परत आणायची असं आमचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी पहिला पाऊस आमच्या आधी तिथे पोचतो. यंदा भाचीला सुट्टी होती आणि मला निमित्त उरलं नव्हतं, म्हणून मे महिन्याच्या अखेरच्या शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं ॲक्टिव्हावरून निघालो.

आम्ही चार-पाच हौशी माणसं पाणी, पाऊस आणि पक्ष्यांचे आवाज यांच्या नोंदी ठेवतो. जानेवारीत तीन ठिकाणी तीन यंत्रं ठेवली होती. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडाला बांधलेला आवाजाचा रेकॉर्डर, विठ्ठलवाडीपाशी मुठेच्या पात्रात तापमान नोंदवणारा लॉगर, आणि पानशेतच्या रस्त्यावर एका गावातल्या विहिरीत पाण्याची पातळी मोजणारा लॉगर. ठेवताना आपण उत्साहात असतो, दोऱ्या घट्ट असतात, खुणा डोळ्यांसमोर असतात. चार महिन्यांनी यातलं काहीच जागेवर नसतं. पुढे जे लिहितोय ते अशाच कामाला निघणाऱ्यांसाठी. मग ते यंत्र असो, टेकडीवर पडलेली गाडीची किल्ली असो, नाहीतर विहिरीत पडलेला मोबाइल.

टेकडी सगळ्यात सोपी गेली. वनखात्याची परवानगी हातात होती (ती घ्याच, टेकडी सगळ्यांच्या फिरण्याची असली तरी झाडाला काही बांधणं वेगळं). एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) रस्त्याने वर गेलो. जानेवारीत फोनवर जीपीएसची खूण करून ठेवली होती, पण झाडीत ती पाच-दहा मीटर इकडेतिकडे होते, आणि ग्लिरिसिडियाच्या रानात पाच-दहा मीटरमध्ये पंचवीस झाडं सारखीच दिसतात. उपयोगी पडले ते दोन फोटो. एक झाडाकडे पाहून काढलेला, दुसरा झाडाला पाठ टेकवून समोर जे दिसतं त्याचा. दुसरा जास्त महत्त्वाचा. समोरच्या खाणीची कड फोटोतल्यासारखी जुळेपर्यंत सरकत राहायचं, पाठ आपोआप झाडाला लागते.

जवळ जाण्याआधी मान वर करून आग्यामोहोळ नाही ना ते बघा, आणि सकाळी अत्तर-डिओ मारून येऊ नका. आम्हाला मधमाश्या भेटल्या नाहीत, मुंग्या भेटल्या. डब्यातल्या रबरी पट्टीखाली त्यांनी अख्खं गाव वसवलं होतं. रेकॉर्डर चालू होता. बंद करण्याआधी त्याच्या घड्याळातली वेळ आणि फोनमधली वेळ शेजारीशेजारी लिहून घेतली. चार मिनिटांचा फरक निघाला. हे तेव्हाच लिहिलं नाही तर नंतर कुठला मोर किती वाजता ओरडला हे सांगता येत नाही. साडेसातला आम्ही खाली, अमृततुल्यात.

नदीवर मात्र यंत्रच नव्हतं.

विठ्ठलवाडीला देवळाच्या बाजूने पात्रात उतरलो. लॉगर एका पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यात घालून, लोखंडी सळईला बांधून, सळई खडकांच्या फटीत ठोकली होती. फट सापडली, सळई नाही. भाचीने चुंबक टाकायचा आग्रह धरला. मी नको म्हणत होतो, पण तिने ते ऑनलाइन मागवलेलं होतं आणि दोरीला बांधून पूर्ण तयार होती. पहिल्याच फेरीत चुंबकाला काळी दाढी आली. हा आपल्या बेसॉल्टचा प्रताप. या खडकात मॅग्नेटाइट असतं, खडक झिजला की त्याचे काळे कण वाळूत उतरतात आणि चुंबकाला चिकटतात. पुण्याच्या आसपास नदीत चुंबक टाकणार असाल तर तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पिशवी उलटी करून काढली की दाढी पिशवीबरोबर जाते. आम्ही अर्धा तास नखांनी खरवडत बसलो.

पाणी कमी होतं म्हणून हे सगळं चाललं. पावसाळ्यात इथे उतरायचा विचारही करू नका. वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत. हजार क्युसेक विसर्ग म्हणजे सेकंदाला साधारण २८ हजार लिटर पाणी, आणि पावसाळ्यात हा आकडा कितीतरी हजारांत जातो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं ते अशाच विसर्गानंतर. पात्रात काही ठेवलं असेल तर ते मेमध्येच काढायचं, जूनमध्ये ते नदीचं.

शोधताना माझी नेहमीची सवय अशी की, वस्तू पाण्याने नेली असेल तर खाली बघायचं, माणसाने नेली असेल तर वर. पाणी तर गुडघाभरही नव्हतं. सळई लोखंडाची, लोखंडाला भाव असतो. म्हणून काठ चढून रस्त्यावर आलो आणि दिसेल त्या भंगारच्या दुकानात विचारत सुटलो. तिसऱ्या दुकानात तो पीव्हीसीचा तुकडा तराजूच्या शेजारी उभा होता.

"हे तुमचं होय? मी दोन महिने हात नाही लावला," दुकानदार म्हणाले. "त्यावर काहीतरी इंग्रजीत लिहिलं होतं. म्हटलं, उघडलं आणि फुटलं तर?"

पोहायला आलेल्या पोरांनी सळईसकट आणून दिलं होतं. सळई कधीच वितळली असेल. आमचं लेबल असं होतं की 'वैज्ञानिक उपकरण, हात लावू नये' हे इंग्रजीत, त्याखाली एक कोड आणि ईमेलचा पत्ता. ईमेल! मुठेच्या पात्रात पोहणाऱ्या पोरांनी ईमेल करावा ही आमची अपेक्षा. दुकानदारांना सळईचे पैसे द्यायला गेलो तर त्यांनी चहा मागवला, आणि चहा होईपर्यंत त्यांच्याच मार्करने भाचीने नवी लेबलं लिहिली: 'हे पाण्याची नोंद ठेवणारं यंत्र आहे. धोका नाही. सापडलं तर फोन करा.' खाली माझा नंबर. तुम्ही काहीही बाहेर ठेवणार असाल तर ही एक गोष्ट तेवढी नक्की करा. त्या लॉगरमध्ये पुढचे दोन महिने भंगारच्या दुकानाचं तापमान नोंदलं गेलंय.

या भानगडीत अकरा वाजले आणि माझं गणित चुकलं. ते असं: पुण्यात १३ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडेही दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, आणि आपल्याकडची खरी माध्यान्ह साडेबाराची. त्या वेळी ऊन विहिरीच्या तळापर्यंत जातं आणि पाणी निवळ असेल तर तळ काठावरूनच दिसतो. आम्हाला साडेबारालाच विहिरीवर पोचायचं होतं. पण शनिवार, खडकवासल्याची चौपाटी, रस्त्यात अर्ध्यावर लावलेल्या गाड्या, कणसं, भजी. पोचलो तेव्हा दोन वाजत होते आणि ऊन विहिरीच्या भिंतीवर चढलं होतं.

दोरी ओढली तर हलकी लागली. टोक रिकामं. काठाच्या दगडावर घासून नायलॉनची दोरी तुटली होती आणि लॉगर तळाला. विहीर चाळीसेक फूट, तळाला पुरुषभर पाणी.

भाची लगेच म्हणाली, "मामा, मी उतरते ना. पायऱ्या आहेत की अर्ध्यापर्यंत."

नाही. जुन्या, कमी वापराच्या विहिरीत तळाशी हवा खराब असू शकते, प्राणवायू कमी असतो आणि उतरणाऱ्याला ते कळायच्या आत भोवळ येते. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच राहतो. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. दिवा सोडून बघणं वगैरे ऐकलेलं असतं, त्यावर विसंबू नका. यंत्राची किंमत काहीही असो, उतरायचं नाही.

तेवढ्यात विहिरीच्या मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, आल्या. "काय रं, काय पाडलं?"

सांगितल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मोटारीचा स्टार्टर बंद केला. हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं, त्यामुळे तुमच्यासाठी लिहून ठेवतो. मग घरातून भिंतीवरचा आरसा आणला, नातवाला उन्हात उभं केलं आणि कवडसा विहिरीत सोडला. पाण्यातून तो खाली उतरला, इकडे सरकला, तिकडे सरकला, आणि उत्तरेच्या भिंतीशी काहीतरी चमकलं.

भाचीने चुंबक सोडलं. ते वाटेत मोटारीच्या लोखंडी पाइपाला असं चिकटलं की दोघांनी ओढूनही सुटेना. (सरळ ओढू नये, बाजूला सरकवावं. दोरीने ते जमवायला पंधरा मिनिटं गेली.) शेवटी लॉगरवर बरोबर टेकवलं आणि काही झालं नाही. मला तेव्हा आठवलं: लॉगरचं कवच ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं. ते गंजत नाही म्हणूनच आम्ही घेतलं होतं, आणि ते चुंबकाला दाद देत नाही.

"गळ न्या की," आजी म्हणाल्या. "पण गळ नेला की माघारी येत नाही, म्हणून काहीतरी ठिवून जा."

विहीर त्यांची, गळ त्यांचा, अंतर वीस पावलं. तरी भाचीने आपला स्टीलचा डबा ओसरीवर ठेवला तेव्हाच गळ मिळाला. लोखंडी कडी आणि तिला लोंबणारे आठ-दहा आकडे. पूर्वी कळशी, पोहरा पडला की गावभर हा एकच गळ फिरायचा म्हणे.

मी दोन-तीनदा टाकला आणि झटके देत ओढला. आजींनी दोरी हातातून काढून घेतली. त्यांची पद्धत अशी: गळ तळाला टेकला की दोरी सैल पडते. मग ती टीचभर उचलायची, म्हणजे आकडे तळाला नुसते घासतील. भिंतीला धरून सावकाश न्यायचं. काही लागलं तर थांबायचं, ओढायचं नाही, दोरी बोटांत जरा फिरवायची. मग हळू उचलून वजन बघायचं. चौथ्या खेपेला तुटलेल्या दोरीचा गुंता एका आकड्यात आला आणि त्यामागून लॉगर. मोबाइल असता तर गळाने नसता आला. त्याला कडी नाही, दोरी नाही. आमचा तुटका शेपूटच कामाला आला. म्हणून आता प्रत्येक यंत्राला वीतभर सैल शेपूट आणि चुंबकासाठी एक लोखंडी नट.

लॉगर बरा होता. ओली वस्तू वर आली की चालू करून बघायचा मोह होतो, तो आवरा. आधी पुसा, बॅटरी निघत असेल तर काढा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. तांदळात नको, पीठ आणि कोंडा आत जातो. आमचा मुळातच पाण्यातला असल्याने ओसरीवर बसूनच नोंदी उतरवल्या. असा लॉगर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब मोजतो, म्हणून हवेचा दाब मोजणारा दुसरा छोटा लॉगर आजींच्या ओसरीला टांगलेला आहे, त्याची नोंद वजा करायची. नाहीतर हवेचा दाब दहा हेक्टोपास्कलने वाढला की विहिरीत दहा सेंटिमीटर पाणी वाढल्याचं दिसतं.

आलेखात एप्रिलमधल्या एका पहाटे खोली एकदम तीन मीटरने वाढलेली. दोरी तुटली तो क्षण. त्याआधी आणि नंतर पातळीचे दातेरी चढउतार: मोटार चालू, पाणी खाली, मोटार बंद, झरे भरून काढतायत. काही आठवडे हे दात रात्रीचे, काही दिवसाचे.

आजी बराच वेळ बघत होत्या. "म्हंजे ही लाईटच हाय की आमची," त्या म्हणाल्या. "रातची पाळी, दिवसाची पाळी. पुढल्या आठवड्यात कधी यील ते सांगतंय का?"

ते नाही सांगत, म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

लॉगर परत सोडला. या वेळी स्टीलच्या तारेवर, आणि काठावर तार घासू नये म्हणून बागेतल्या पाइपाचा तुकडा चिरून चढवला. वर मराठी लेबल. गळ दिला, डबा घेतला, डब्यात आजींनी घातलेली करवंदं. परतताना खडकवासल्याला पुन्हा तासभर अडकलो.

रात्री दहाला फोन वाजला. अनोळखी नंबर. "विहिरीवर नंबर लिवलाय त्यो तुमचाच का?" आजींचा आवाज. "तुमचं ते गोल लोखंड आमच्या फाटकाला चिकटून ऱ्हायलंय. नातू लोंबकाळला तरी निघंना. गळ लावू का?"