काय दिवे लावले!

गेल्या वर्षी दीप अमावास्येला आमच्या घरात दोन ठिकाणी दिवे घासायचं काम चाललं होतं. वर स्वयंपाकघरात आई चिंचेचा कोळ घेऊन समया, निरांजनं आणि आजीचा लामणदिवा घासत होती, आणि खाली पार्किंगमध्ये मी आमच्या पद्मिनीचा डावा हेडलाइट उघडून बसलो होतो. (बाकीच्यांची त्या दिवशी गटारी असते. आमच्याकडे कोपरापर्यंत चिंच.)

संध्याकाळी आईचे सगळे दिवे लखलखीत होऊन पाटावर मांडले गेले. माझा एकच होता, तो होता त्याहून वाईट झाला. "काय दिवे लावलेस रे?" आईने विचारलं. तिने खरंच चौकशी केली होती. त्यात टोमणा आहे हे तिला बोलून झाल्यावर कळलं आणि मग ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

गाडी 1978ची, बाबांची. इंजिन अजून ठणठणीत आहे. पण रात्री कात्रजच्या जुन्या घाटात नेली की पुढे उजेड असा पडायचा, की गाडी येतेय हे समोरच्याला कळावं, आम्हाला काही दिसू नये. बल्ब बदलला. बॅटरी पाहिली, वायरी पाहिल्या, अर्थिंग घासून घट्ट केलं. फरक शून्य. शेवटी काच काढून आत डोकावलो तर रिफ्लेक्टर जुन्या आरशासारखा आंधळा झालेला. मध्ये धुरकट, खालच्या बाजूला बुरशीसारखे डाग. काचेमागचं रबर कडक होऊन भेगाळलं होतं आणि कितीतरी पावसाळे तिथून आत झिरपले होते.

रिफ्लेक्टरला मी आपली वाटी म्हणतो. हेडलाइटमधलं खरं काम हिचं, नाव मात्र बल्बचं. बल्ब बिचारा चहूकडे उजेड उधळतो. त्यातला थोडासाच आपण होऊन रस्त्याकडे जातो. मागे, वर, बाजूला गेलेला सगळा गोळा करून पुढे धाडायचा तो वाटीने. शाळेत पॅराबोला शिकताना त्याच्या नाभीवर एक टिंब काढलं होतं, ते कशासाठी हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. त्या टिंबाच्या जागी बल्बची तार असते. तार तिथून जराशी हलली तरी झोत भलतीकडे जातो. आणि वाटी काळवंडली, तर वाटेल तेवढा मोठा बल्ब घाला, तो डबा तापवतो, रस्ता उजळत नाही.

आता माझी चूक. ती निव्वळ अज्ञानातून झाली असती तर मी इथे सांगितलीच नसती. ती अनुभवातून झाली. त्याच्या दोन महिने आधी एका मित्राच्या जुन्या इंग्लिश गाडीच्या वाट्या मी स्वतः चमकवल्या होत्या. त्या काळच्या चांगल्या दिव्यांच्या वाट्या पितळेच्या, आणि आतून चांदीचा मुलामा. चांदीवर पडणाऱ्या दृश्य उजेडातला शंभरातला पंचाण्णव भाग परत येतो, म्हणून एवढी चैन. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने, म्हणजे देव्हाऱ्यातली निरांजनं पडतात तशीच. सोन्या मारुती चौकातल्या एका सराफाकडून लाल पावडर आणली, मऊ कापसावर घेतली, आणि मधून काठाकडे, सरळ रेघेत, हलक्या हाताने फिरवत गेलो. गोल घासायचं नाही, ओरखडे गोल पडले तर उजेड विस्कटतो. मुलामा पातळ, त्यामुळे जीव मुठीत. कापूस काळा होत गेला आणि खालून चांदी वर आली. त्या दिवशी मला जे वाटलं ते कुठल्याही पदवीदान समारंभात वाटलं नव्हतं.

तोच कापूस, तोच हात, आता आमच्या वाटीवर. कापूस लगेच काळा झाला. मी खूश. मळ निघतोय! आणखी कापूस, आणखी काळा. दहाव्या मिनिटाला खालून चांदी येण्याऐवजी करडा पत्रा आला.

निघत होता तो मळ नव्हता, चमकच निघत होती. आमच्या वाटीवर चांदी कधी नव्हतीच. ती पोलादी पत्र्याची, वर लाखेसारखा गुळगुळीत थर आणि त्यावर निर्वात पेटीत बसवलेला ॲल्युमिनियमचा पापुद्रा. हा पापुद्रा साधारण एक दशांश मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा कित्येक शेकड्यावा हिस्सा. त्याला फार तर वाऱ्याने झटकावं, नाहीतर साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने विसळून पालथं ठेवावं. कापड लावायचं नाही. जन्मभर ज्या घरात "घास, म्हणजे निघेल" हे एकच शास्त्र ऐकलं, तिथल्या माणसाला हे कोण सांगणार?

पुढचे पंधरा दिवस सल्ल्यांचे. सोसायटीतले एक काका म्हणाले, तांबट आळीत जा, कल्हई मारून घे. कल्हई म्हणजे कथील. पातेल्यात ताक कळकू नये यासाठी ठीक, पण झोत पाडायला फार मंद. शिवाय तांबटाच्या हातात वाटी दिली आणि सवयीने त्याने मठारकाम केलं, तर प्रत्येक ठोक्याचा एकेक दिवा होऊन झाडावरची वटवाघळं तेवढी दिसतील. दुसऱ्याने क्रोम सुचवलं. हा मोह भल्याभल्यांना होतो, कारण क्रोम दिसतं झकास. पण ते उजेड परत देतं शंभरातला पासष्टच्या आसपास, ॲल्युमिनियम देतं नव्वद. बंपरला क्रोम शोभतं, वाटीला नाही. जुन्या बाजारातही दोन रविवार घातले. मिळाल्या त्या वाट्या आमचीच भावंडं, तेवढ्याच आंधळ्या.

अमेरिकेने हे दुखणं 1940मध्येच मुळापासून काढलं होतं: वाटी आणि काच एकत्र बंद करून टाकली, ओल जायला जागाच नाही. पण तार तुटली की अख्खा दिवा फेकायचा. हे पुण्यात कोणाला पटलं असतं असं मला वाटत नाही.

शेवटी भोसरीत एक छोटा कारखाना सापडला. तिथे अत्तराच्या बाटल्यांची बुचं आणि बक्षिसाचे प्लॅस्टिकचे कप चमकवतात. मालकांनी माझी वाटी हातात घेतली, न बोलता उजेडाकडे धरली आणि विचारलं, "घासलीत?" डॉक्टरने "गुटखा खाता?" विचारावं तसा तो स्वर होता. मी उजवीही काढून दिली, तिच्यावर अजून माझा हात पडला नव्हता.

उरलेला पापुद्रा कॉस्टिकने उतरवला, गंज काढला, मग लाखेचा थर देऊन भट्टीत वाळवला. मालक म्हणाले, चमक खरी इथे ठरते. खालचा थर खडबडीत असेल तर वर चांदी ओता नाहीतर सोनं. मग वाट्या एका मोठ्या पिंपात टांगल्या, मध्ये टंगस्टनच्या वेटोळ्यांवर ॲल्युमिनियमच्या तारेचे बारके तुकडे. पिंपातली हवा ओढायला बराच वेळ लागला, तेवढ्यात आमचा चहा झाला. नंतर वेटोळी तापली. छोट्या काचेतून बघत होतो: तुकडे वितळले, आणि काही सेकंदांत नाहीसे झाले. वाफ होऊन समोर जे दिसेल त्यावर जाऊन बसले. झाकण उघडलं तेव्हा दोन्ही वाट्यांत माझा चेहरा होता, उलटा आणि भलताच मोठ्या नाकाचा. वरून संरक्षक लाखेचा हात दिला की झालं.

त्या रात्री नवं रबर घालून गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर उभी केली. दोन गोल उमटले, काठ स्पष्ट. पहिल्या मजल्यावरून कोणीतरी "अहो, डिपर!" म्हणून ओरडलं. इतका आनंद शेजाऱ्यांच्या तक्रारीने पूर्वी कधी झाला नव्हता.

यंदाच्या दीप अमावास्येला आई स्वतःच खाली आली, हातात हळदकुंकवाची कोयरी. "तुझेही दिवेच ना," म्हणाली, आणि दोन्ही काचांच्या बरोबर मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. पूर्वी समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काचेवर काळा ठिपका लावायचे, नेमकी ती जागा. रात्री निघताना मी सवयीने फडकं उचललं.

"ए," ती वरच्या खिडकीतून म्हणाली, "घासायचं नाही ना यांना?"