नवेगाव खैरीला जाताय? टक्का नको, दलघमी विचारा

मेमधल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला नागपूर सोडलं. कामठी, कन्हान, जबलपूर रस्त्यावर आमडी फाट्याला डावीकडे वळलं की पारशिवनी आणि पुढे नवेगाव खैरीचं धरण. उन्हाळ्यात जाल तर नऊच्या आत पोचा, भिंतीवर सावली नाही. पाणी आणि डबा घरूनच न्या.

धरण चांगलं भरलेलं पाहून मला हायसं वाटलं. तसं बोलून दाखवलं तर तिथले चौकीदारकाका म्हणाले, "ताई, हा नुसता माठ आहे. रांजण वर, तोतलाडोहला."

खरंच आहे ते. नागपूरच्या नळांना येणारं पेंच नदीचं पाणी इथून उचलतात, पण इथे उपयुक्त साठा, म्हणजे वापरता येणारं पाणी, मावतो सुमारे १४२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). वरच्या अंगाच्या तोतलाडोह धरणात सुमारे १०१७. तिथल्या १६० मेगावॉटच्या वीजघरातून सुटलेलं पाणी खाली येतं, म्हणून माठ भरलेला दिसतो. त्याच्याही वर, छिंदवाडा जिल्ह्यात, चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहात किती पाणी येणार हे तिथल्या साठ्यावरही ठरतं. तिन्ही आकडे एकत्र पाहिल्याशिवाय नागपूरचा उन्हाळा कसा जाईल ते कळत नाही.

काकांनी पट्टीवरची पातळी वाचून दाखवली. मी वाचायला गेले की लाट येऊन आकडा झाकायची. ते मात्र दोन लाटांच्या मध्ये पाणी क्षणभर ठरतं तेवढ्यात वाचायचे, तीनदा वाचून मगच वहीत लिहायचे. पाण्याच्या वर वाळक्या गाळाचा पट्टा होता, हातभर उंच. पाणी किती उतरलं ते त्यावरून डोळ्यांना दिसतं.

पेपरातला टक्का बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याचा असतो. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, खाली मृतसाठा उरतो, म्हणजे आपोआप बाहेर न येणारं, उपसावंच लागणारं तळाचं पाणी. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोहचा तोच उपसावा लागला आणि जुलैत नागपुरात दिवसाआड पाणी आलं. आमच्या घरी आईने आंघोळीचं पाणीसुद्धा मोजून दिलं होतं. तेव्हापासून मी पातळी बघते.

भिंतीवर जाण्याआधी चौकीदारांना विचारा, कालव्यात उतरू नका. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे, तिकडे आपली गाडी घेऊन सरळ जाता येत नाही. सिल्लारी गेटच्या सफारीची चौकशी आधीच करा, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं.